सोन्यावर नॅनोकणांची नक्षी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

सोन्याचा पातळ थर दिलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर ठरवलेल्या रेघांमध्येच नॅनोकण बसवायचे आणि मधली जागा कोरी ठेवायची, एवढंच हे काम. त्याला फार मोठी यंत्रं लागत नाहीत. रबरासारखा मऊ ठसा, दोन प्रकारची थायॉलं, पॉलिमरचं वेष्टण असलेले सोन्याचे कण आणि एक चांगला सेंट्रिफ्यूज एवढ्यावर भागतं. एम.एस्सी.च्या प्रकल्पात किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात हे करायला घेतलेल्यांसाठी हा लेख आहे.

नवे विद्यार्थी सगळा जीव ठशात ओततात. ठसा दिसतो, हाताळता येतो, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रेघा देखण्या दिसतात. पण माझं ठाम मत असं की नक्षी बिघडते ती बहुधा ठशामुळे नाही. ती बिघडते कणांसोबत नळीत राहून गेलेल्या मोकळ्या पॉलिमरमुळे. म्हणून इथे ठशापेक्षा धुण्यावर जास्त लिहिलं आहे.

आधी तत्त्व समजून घ्या

थायॉल म्हणजे ज्याच्या एका टोकाला गंधक आणि हायड्रोजनचा गट असतो असा रेणू. गंधक सोन्याला घट्ट धरतो, आणि लांब कार्बन-साखळीची थायॉलं सोन्यावर शेजारी शेजारी उभी राहून एक रेणू जाडीचा थर आपोआप तयार करतात. साखळ्या उभ्या रेषेपासून साधारण ३० अंश कललेल्या असतात आणि दोन शेजाऱ्यांमधलं अंतर सुमारे अर्धा नॅनोमीटर असतं. थराचा वरचा चेहरा ठरतो तो साखळीच्या दुसऱ्या टोकावरून. तिथे कार्बॉक्सिल गट असेल तर तटस्थ पाण्यात त्यावर ऋण प्रभार येतो. तिथे इथिलीन ग्लायकॉल असेल तर प्रभार नसतो आणि प्रथिनं, पॉलिमर, कण यांपैकी काहीच तिथे सहसा चिकटत नाही.

आता कणांवर धन प्रभाराचं पॉलिमर गुंडाळलं, तर ते कार्बॉक्सिलच्या रेघांवर बसतील आणि ग्लायकॉलच्या जागा सोडून देतील. सगळी युक्ती इतकीच. ठशाने थायॉल छापण्याची पद्धत हार्वर्डमध्ये अमित कुमार आणि जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी १९९३ मध्ये मांडली. १९९५ मध्ये पॉला हॅमंड आणि व्हाइटसाइड्स यांनी कार्बॉक्सिल आणि ग्लायकॉलच्या अशाच आळीपाळीच्या पट्ट्यांवर प्रभारित पॉलिमरचे थर बसवून दाखवले. आपण त्यांच्याच वाटेने जाणार आहोत, फक्त पॉलिमर कणांच्या अंगावर बसून येणार आहे.

धातू म्हणून सोनंच का? तांब्यावर आणि चांदीवरही थायॉल बसतं, पण हवेत त्यांचा पृष्ठभाग लवकर बदलतो. मग नक्षी फसली तर दोष थायॉलचा, ऑक्साइडचा की कणांचा, हे कळायला मार्ग उरत नाही. पद्धत हातात बसेपर्यंत सोनं सोडू नका.

कामाचा क्रम

कण आधी बनवा, छपाई शेवटी करा. कणांचं द्रावण स्वच्छ बाटलीत अंधारात काही आठवडे टिकतं, वेष्टण दिलेले कणही बऱ्यापैकी टिकतात. छापलेला तुकडा मात्र त्याच दिवशी वापरावा. बरेच जण उलटं करतात, सकाळी उत्साहाने छापतात आणि मग कण तयार होईपर्यंत तुकडे टेबलावर हवा खात पडतात.

हातमोजे नायट्राइलचेच घ्या. लॅटेक्सच्या मोज्यांमधल्या गंधकाने ठशाच्या रबरातला प्लॅटिनमचा उत्प्रेरक निकामी होतो आणि ठसा चिकट राहतो.

पायरी १: सोन्याचे तुकडे

सिलिकॉन वेफरवर किंवा काचेवर आधी २ ते ५ नॅनोमीटर क्रोमियम किंवा टायटॅनियम आणि त्यावर ५० नॅनोमीटर सोनं, असा बाष्पीभवनाने चढवलेला थर लागतो. मधला धातू नसेल तर सोनं काचेला धरत नाही, धुतानाच पापुद्रे सुटतात. तुमच्या विभागात बाष्पीभवनाचं यंत्र नसलं तरी अडून राहू नका. आयआयटी मुंबई आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांची नॅनोनिर्मिती केंद्रं आयएनयूपी या केंद्र सरकारच्या कार्यक्रमातून बाहेरच्या संशोधकांनाही काम करू देतात.

वेफरचे साधारण १ सेंटिमीटर बाजूचे तुकडे करा. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला हिऱ्याच्या लेखणीने खूण कोरून ठेवा, कारण चार धुण्यांनंतर कुठला तुकडा कुठला हे कोणालाच आठवत नाही. चिमट्याने नेहमी एकच कोपरा धरा आणि तो कोपरा निरीक्षणातून वगळा.

सफाईसाठी पिरान्हा द्रावण, म्हणजे संहत सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण, वापरण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. सेंद्रिय द्रावकाचा थोडासा अंशही त्यात पडला तर स्फोट होऊ शकतो. अतिनील-ओझोनच्या पेटीत १० ते १५ मिनिटं ठेवलं तरी काम होतं. फक्त ओझोनने सोन्यावर पातळ ऑक्साइड येतं, ते घालवायला नंतर तुकडे निदान १० मिनिटं इथेनॉलमध्ये बुडवून ठेवा. नायट्रोजनने कोरडे करा आणि लगेच वापरा.

पायरी २: ठसा

ठशासाठी पीडीएमएस हे सिलिकोन रबर वापरतात. मूळ द्रव आणि घट्ट करणारा घटक वजनाने १० भागांना १ भाग या प्रमाणात घ्या, नीट घोटा, निर्वात पेटीत बुडबुडे जाईपर्यंत ठेवा, साच्यावर ओता आणि ६० ते ६५ अंश सेल्सियसला किमान ४ तास ठेवा. रात्रभर ठेवलात तर उत्तम.

साचा सहसा सिलिकॉनवर प्रकाशसंवेदी राळेने कोरलेला असतो. पहिल्या वेळी १० मायक्रोमीटर रुंदीच्या रेघा घ्या. त्या साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकात दिसतात, त्यामुळे कुठे काय चुकतंय ते पावलोपावली तपासता येतं. रेघांची उंची रुंदीच्या मानाने फार कमी असेल तर ठशाचं छत खाली टेकतं आणि कोरी राहायची जागाही छापली जाते. उंची फार जास्त असेल तर उभ्या भिंती एकमेकींवर कलतात. उंची आणि रुंदीचं गुणोत्तर ०.२ ते २ च्या दरम्यान ठेवलं म्हणजे दोन्ही टळतं.

साचा मिळतच नसेल तर कोरी सीडी घ्या. चिकटपट्टीने तिचा धातूचा थर ओढून काढा, खालचा रंग इथेनॉलने धुवा; उघड्या पडलेल्या पॉलिकार्बोनेटवर १.६ मायक्रोमीटर अंतराने चर असतात. डीव्हीडीमध्ये हेच अंतर ०.७४ मायक्रोमीटर असतं. अॅसिटोन मात्र लावू नका, पॉलिकार्बोनेट खराब होतं. चर उथळ असल्याने हा ठसा अजिबात दाबायचा नाही, स्वतःच्या वजनाने बसू द्यायचा.

तयार ठशात न जुळलेल्या लहान साखळ्या उरलेल्या असतात आणि त्या छपाईबरोबर सोन्यावर उतरतात. ठसा काही तास इथेनॉलमध्ये, मधूनमधून इथेनॉल बदलत, भिजवून वाळवला की त्या बऱ्याच कमी होतात.

पायरी ३: कण

क्लोरोऑरिक आम्ल सायट्रेटबरोबर उकळून सोन्याचे कण करण्याची रीत टर्केविच यांनी १९५१ मध्ये दिली आणि फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये सायट्रेटचं प्रमाण बदलून कणांचा आकार कसा बदलता येतो ते दाखवलं. मी सुचवतो ते प्रमाण असं: क्लोरोऑरिक आम्लाचं त्रिजलयुक्त रूप ३९ मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर अतिशुद्ध पाण्यात. ते जोरात ढवळत उकळी आणा. दुसरीकडे ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट ११४ मिलिग्रॅम १० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवा आणि उकळत्या द्रावणात एकदम ओता. फिका पिवळा रंग आधी जातो, मग द्रावण काळपट होतं आणि थोड्याच वेळात वारुणीसारखं लाल. आणखी १० मिनिटं उकळत ठेवा, नंतर ढवळतच गार होऊ द्या. कण सुमारे १३ नॅनोमीटर व्यासाचे मिळतात.

काचेची भांडी आधी आम्लराजाने धुवायला हवीत, म्हणजे ३ भाग हायड्रोक्लोरिक आणि १ भाग नायट्रिक आम्ल. काम फ्यूम हूडमध्ये, चेहऱ्यावर संरक्षक कवच लावून. उरलेलं आम्लराज बंद बाटलीत कधीच भरू नका, वायू साचून बाटली फुटते. इथेनॉल किंवा अॅसिटोनच्या कचऱ्यात तर ते चुकूनही ओतू नका. क्लोरोऑरिक आम्ल तोलताना धातूचा चमचा वापरला तर त्या चमच्यावरच सोनं उतरतं, म्हणून प्लॅस्टिकचा घ्या.

आता द्रावण ५ पट विरळ करून त्याचा शोषण-वर्णपट घ्या. शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास आणि अरुंद हवं. शोषणांक ०.७ च्या जवळ आला तर मूळ द्रावणात कणांची संहती सुमारे १३ नॅनोमोलर आहे असं समजा. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

पायरी ४: पॉलिमरचं वेष्टण

सायट्रेटमुळे कणांवर ऋण प्रभार असतो. त्यांवर पॉलिअॅलिलअमाइन हायड्रोक्लोराइड हे धन प्रभाराचं पॉलिमर गुंडाळायचं. रेणुभार १५ ते १८ हजारांच्या आसपासचं घ्या. साखळ्या फार लांब असल्या तर एकच साखळी दोन कणांना धरते आणि सगळं निळं होऊन तळाला बसतं.

त्याआधी एक पायरी आहे जी अनेक पाककृतींत लिहिलेलीच नसते. कणांच्या द्रावणात मोकळं सायट्रेट भरपूर असतं आणि त्याच्या एका रेणूवर तीन ऋण प्रभार असतात. ते अमाइनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतं आणि द्रावण गढूळ होतं. म्हणून कण एकदा सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी काढा आणि तितकंच शुद्ध पाणी घाला. तळाशी गडद लाल, पातळ थेंब दिसला पाहिजे. घट्ट काळा डाग दिसला तर वेग किंवा वेळ जास्त झाला.

आता १ मिलिमोलर मिठाच्या पाण्यात पॉलिमरचं २ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर द्रावण १० मिलिलिटर करा. ते जोरात ढवळत ठेवून त्यात १० मिलिलिटर कण थेंब थेंब सोडा. क्रम हाच. कण पॉलिमरमध्ये सोडायचे, पॉलिमर कणांमध्ये नाही. उलट केलं तर पहिल्या काही थेंबांत पॉलिमर तुटपुंजं आणि कण भरमसाट अशी अवस्था येते, अर्धवट गुंडाळलेले कण एकमेकांना चिकटतात आणि ते पुन्हा सुटत नाहीत. रात्रभर हळू ढवळू द्या.

सकाळी रंग लालच हवा. वर्णपटातलं शिखर २ ते ५ नॅनोमीटरने उजवीकडे सरकलेलं असतं, कारण कणाभोवती आता पाण्याऐवजी पॉलिमर आहे. ६०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात खांदा दिसत असेल तर कण गोळा झालेत. ती बाटली बाजूला ठेवा आणि नव्याने करा, ध्वनिलहरींच्या पाण्यात घालून ती सुधारत नाही. झीटा विभव (कणाच्या पृष्ठभागावरचा प्रभार धन की ऋण आणि किती ते दाखवणारं मोजमाप) मोजायची सोय असेल तर आधीचं उणे ३० ते ४० मिलिव्होल्ट आता तितकंच किंवा थोडं जास्त धन झालेलं दिसेल.

पायरी ५: धुणं, आणि इथे घाई नको

जरा हिशेब करू. तुमच्या नळीत आता पॉलिमर १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आहे. रेणुभार १७,५०० धरला तर ती संहती ५७ मायक्रोमोलर होते. कण आहेत सुमारे ६.५ नॅनोमोलर. म्हणजे एका कणामागे ८ ते ९ हजार साखळ्या! त्यातल्या मोजक्याच कणावर बसल्या, बाकी सगळ्या मोकळ्या फिरताहेत.

हे द्रावण तसंच नक्षीवर ओतलं तर काय होईल? मोकळी साखळी कणापेक्षा लहान, म्हणून जास्त वेगाने पसरते आणि संख्येने हजारो पट. एस.टी. फलाटाला लागली की हातात सामान नसलेले आधी चढून जागा धरतात, तसं कार्बॉक्सिलच्या सगळ्या जागा मोकळ्या साखळ्याच अडवतात. त्या रेघा आता धन प्रभाराच्या होतात आणि मागून येणारे धन कण त्यांना पाहून लांब जातात. तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कोरा दिसतो आणि विद्यार्थी नवा ठसा करायला धावतो.

उपाय साधा आणि कंटाळवाणा आहे. १.५ मिलिलिटरच्या नळ्यांमध्ये सुमारे १५,००० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १५,००० पट, इतक्या बलाने ३० ते ४० मिनिटं फिरवा. यंत्रावर फेरे आणि जी अशा दोन नोंदी असतात, तुम्हाला जी हवंय. वरचं द्रव पिपेटने काढा, तळाशी साधारण विसावा भाग राहू द्या. पुन्हा शुद्ध पाणी भरून हलकेच हलवा. एका धुण्यात पॉलिमर साधारण २० पट कमी होतं. ५७ मायक्रोमोलरचं पहिल्या धुण्यानंतर २.९ होतं, दुसऱ्यानंतर ०.१४, तिसऱ्यानंतर ०.००७. म्हणजे तिसऱ्या धुण्यानंतर एका कणामागे जेमतेम एक मोकळी साखळी. दोन धुण्यांवर थांबलात तर तीच संख्या वीसेक असते. फरक कशाने पडतो ते आकड्यांवरूनच दिसतं.

मग दहा वेळा का धुऊ नये? प्रत्येक फेरीत थोडे कण नळीच्या भिंतीला चिकटतात, थोडे तळाशी गोळा होतात. तीन धुणी हा मला योग्य वाटणारा मध्य आहे. दर धुण्यानंतर वर्णपट घ्या. शिखर जागेवर असेल तर पुढे जा. शेवटी पाणी थोडं कमी भरून कणांची संहती १० नॅनोमोलरच्या जवळ आणा.

वेळ वाचवणारी एक चाचणी इथेच करून घ्या. स्वच्छ काचेच्या पट्टीवर पाण्यात ऋण प्रभार असतो. ती पट्टी कणांच्या द्रावणात तासभर ठेवा, पाण्याने धुवा, पांढऱ्या कागदावर धरून पाहा. फिकट गुलाबी छटा दिसली तर कण बसायला तयार आहेत. काच कोरीच राहिली तर सोन्याचा एकही तुकडा वाया घालवू नका, परत सेंट्रिफ्यूजकडे जा.

पायरी ६: छपाई

शाई म्हणून १६-मर्कॅप्टोहेक्झाडेकॅनोइक आम्ल २ मिलिमोलर, इथेनॉलमध्ये. १० मिलिलिटरला ५.८ मिलिग्रॅम लागतं. थायॉलचा वास घाण आणि चिवट असतो, सगळं काम हूडमध्येच करा आणि पिपेटची वापरलेली टोकं बंद पिशवीत टाका.

शाईत भिजवलेला कापूस ठशावरून फिरवा किंवा थेंब टाकून मिनिटभर थांबा, मग नायट्रोजनने पूर्ण कोरडा करा. ओला ठसा छापत नाही, पसरवतो. सोन्यावर एका कडेने टेकवा आणि उरलेला भाग आपोआप बसू द्या. ठसा पारदर्शक असल्यामुळे स्पर्शाची सीमा पुढे सरकताना डोळ्यांनी दिसते. १० ते ३० सेकंद पुरे. जास्त वेळ ठेवलं तर थायॉल बाजूला पसरून रेघा जाड होतात. ठसा सरळ वर उचला, घसरू देऊ नका.

तुकडा इथेनॉलने धुवा. आम्लाची टोकं एकमेकींना धरून वर दुसरा सैल थर बसवतात, तो काढायला पहिल्या धुण्याच्या इथेनॉलमध्ये थोडं, २ ते ५ टक्के, अॅसेटिक आम्ल घाला. मग ट्रायइथिलीन ग्लायकॉलचं टोक असलेल्या थायॉलच्या १ मिलिमोलर द्रावणात तुकडा काही मिनिटं बुडवा. रात्रभर नको, तेवढ्या वेळात नवे रेणू छापलेल्यांची जागा घ्यायला लागतात. हे थायॉल महाग आहे, नायट्रोजनखाली थंड ठेवा. परवडत नसेल तर ११-मर्कॅप्टोअनडेकॅनॉल चालतं, पण कोऱ्या जागेत थोडे कण दिसतील हे मनाशी धरा.

त्याच वेळी दोन साधे तुकडेही करा: एक पूर्ण आम्ल-थायॉलचा, एक पूर्ण ग्लायकॉल-थायॉलचा. हे दोन सोबती नसतील तर नक्षीच्या तुकड्यावर दिसणाऱ्या गोष्टीचा अर्थ लावता येत नाही. एकावर कण गच्च आणि दुसऱ्यावर जवळजवळ नाहीत, असं असेल तरच नक्षीकडे वळायचं.

पायरी ७: कणांमध्ये बुडवणं

सामू ७ च्या आसपास ठेवा. तिथे अमाइन बहुतांशी धन असतं आणि कार्बॉक्सिल ऋण. थरात दाटीने उभे असलेले कार्बॉक्सिल गट पाण्यातल्या सुट्या आम्लापेक्षा प्रोटॉन सोडायला नाखूश असतात, म्हणून सामू ५ वर समाधान मानू नका. फॉस्फेट बफर टाळा, फॉस्फेटही सायट्रेटसारखं अमाइनच्या साखळ्या बांधतं. अगदी विरळ सोडियम हायड्रॉक्साइडने सामू आणा किंवा १ ते २ मिलिमोलर हेपेस हे बफर वापरा.

किती वेळ? कण स्वतःहून भटकत पृष्ठभागापर्यंत येतात. वेष्टणासह २० नॅनोमीटर व्यास धरला तर १० नॅनोमोलर द्रावणातून तासाभरात दर चौरस मायक्रोमीटरला सुमारे २,००० कण पोहोचू शकतात. वाटेल तसे येऊन बसणारे, बसल्यावर न हलणारे गोल पृष्ठभागाचा जास्तीत जास्त ५४.७ टक्के भाग व्यापतात. २० नॅनोमीटरच्या कणांसाठी ते १,७०० च्या आसपास होतात. म्हणजे १० नॅनोमोलरला एक ते दोन तास पुरेत. पण लागणारा वेळ संहतीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. कण वाचवायला द्रावण १० पट विरळ केलं तर वेळ १०० पट लागेल, म्हणजे चार दिवसांहून जास्त. कण वाचवायचे तर लहान भांडं घ्या, विरळ द्रावण नको. तुकडा पालथा किंवा उभा ठेवला तर गोळा झालेले कण त्यावर येऊन पडत नाहीत.

कण किती दाट बसतील हे मीठ ठरवतं. १ मिलिमोलर मिठात प्रभाराचा प्रभाव सुमारे १० नॅनोमीटर अंतरापर्यंत जाणवतो, म्हणून कण एकमेकांना दूर ठेवतात. १० मिलिमोलरला तेच अंतर ३ नॅनोमीटर होतं आणि कण जवळ येतात. १०० मिलिमोलरला ते १ वर येतं. मग कण द्रावणातच गोळा होण्याची भीती, शिवाय पृष्ठभागाकडची ओढही कमी. सुरुवात १ ने करा, मग १० वर जा. प्रत्येक वेळी आधी नळीत मीठ घालून तासभर रंग पाहा.

पायरी ८: धुऊन वाळवणं

तुकडा बाहेर काढताना त्यावर पाण्याचा थर राहू द्या आणि लगेच शुद्ध पाण्याच्या भांड्यात न्या. अर्धवट वाळलेला थेंब कणांना ओढत कडेला नेतो. दोन-तीन पाण्यांतून काढल्यावर इथेनॉलमध्ये बुडवा. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, इथेनॉलचा २२, त्यामुळे वाळताना कणांवर येणारी ओढ पुष्कळ कमी होते. मग नायट्रोजन, एका कोपऱ्यातून दुसऱ्याकडे.

पायरी ९: पाहणं

१० मायक्रोमीटरच्या रेघा दाट बसल्या असतील तर अंधार-पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकात उजळ-मंद पट्टे दिसतात. १३ नॅनोमीटरचा एकेकटा कण त्यात दिसण्याइतका प्रकाश विखुरत नाही. त्यासाठी अणुबल सूक्ष्मदर्शक चांगला, कारण बाष्पीभवनाने आलेल्या सोन्याचे चढउतार काही नॅनोमीटरचे आणि कण त्याहून ठळक उंच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात सोन्यावर सोनं पाहताना उठाव कमी मिळतो, कलता तुकडा आणि कमी व्होल्टेज वापरून पाहा. ही यंत्रं जवळ नसतील तर आयआयटी मुंबईतली साइफ ही सुविधा बाहेरचे नमुने शुल्क घेऊन तपासते.

दोष ओळखण्याची माझी रीत सांगतो. आम्ल-थायॉलचा साधा तुकडा कोरा असेल तर दोष धुण्यात किंवा सामूत. ग्लायकॉलचा तुकडा भरलेला असेल तर थायॉल जुनं झालंय किंवा सोनं घाण होतं. दोन्ही साधे तुकडे बरोबर आणि नक्षी पुसट, तेव्हाच ठशाला हात लावायचा. रेघांच्या मधे मोठे डाग दिसले तर छत टेकलंय. सगळीकडे सुटे गोळे दिसले तर कण आधीच गोळा झाले होते, वर्णपट पुन्हा पाहा.

हे जमल्यावर

पुढची रंगतदार गोष्ट कण आणि सोन्याचा थर यांच्यामधल्या फटीत आहे. पॉलिमरच्या थराने ती काही नॅनोमीटर ठेवली की कणाचा आणि थराचा प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद एकमेकांत मिसळतो, आणि फट बदलली की रंग बदलतो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये सोन्यावर पॉलिमरचे पातळ थर देऊन वर चांदीचे नॅनोघन पसरवले आणि पृष्ठभाग किती प्रकाश परत पाठवतो ते नियंत्रित करून दाखवलं. तुमच्या नक्षीवर हेच करायचं तर छापलेल्या कार्बॉक्सिलच्या रेघांवर कण सोडण्याआधी धन आणि ऋण पॉलिमरची एकेक जोडी चढवा, शेवटचा थर ऋण ठेवा. एकेक थर एक-दोन नॅनोमीटरचा असतो, म्हणजे फट तेवढ्या टप्प्यांनी वाढवता येते. यासाठी ६० ते ८० नॅनोमीटरचे कण घ्या, ते एकेकटे रंगीत ठिपक्यांसारखे दिसतात आणि सेंट्रिफ्यूजचं बलही बरंच कमी लागतं. दर थरानंतर पाण्याने भरपूर धुवायला विसरू नका, इथेही मोकळ्या साखळीचा तोच त्रास आहे.

तयार तुकडे बंद डबीत, नायट्रोजन भरून, अंधारात ठेवा. उघड्या हवेतल्या ओझोनने सोन्यावरचं गंधक हळूहळू ऑक्सिडीकृत होतं आणि थर सैल पडतो, म्हणून छायाचित्रं पहिल्या आठवड्यातच घेऊन टाका.